गाण्यातली मोटार

मुलं मोबाईलमध्ये बघून खो-खो हसतात आणि आपण विनोद केला की मान वर करून आपल्याकडे दयेने बघतात, हे एकदा लक्षात आलं की बापाच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागतं. कुणी व्यायाम सुरू करतो, कुणी केस रंगवतो. आपल्या या गृहस्थांनी ठरवलं की मुलांना आपलं बालपण दाखवायचं. केस रंगवले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, असं त्यांची बायको अजून म्हणते.

गृहस्थांना विम्याच्या कचेरीत साहेब म्हणतात, बिल्डिंगमध्ये ‘तिसऱ्या मजल्यावरचे’ म्हणतात आणि बायको नुसतं ‘अहो’ म्हणते. पण ही गोष्ट त्यांच्या बापपणाची आहे, म्हणून आपणही त्यांना बाबाच म्हणू. घरात दोन मुलं. थोरली ताई, जिला जगातलं सगळं आधीच माहीत असतं, आणि धाकटा बारक्या, ज्याला काहीच माहीत नसतं पण तो विचारत सुटतो. शिवाय बाबांचे वडील, म्हणजे आजोबा. मृदू बोलणारे, पांढरेशुभ्र, चहासुद्धा आवाज न करता पिणारे.

सुरुवात एका कादंबरीने झाली. गुहा, खजिना, चार शूर मुलं. बाबांनी लहानपणी ती पांघरुणात टॉर्च लावून वाचली होती. आता त्यांनी ती आवाज बदलून-बदलून वाचून दाखवली. मुलं गुहेत अडकली, दरोडेखोर जवळ आले, बाबांचा आवाज कापायला लागला आणि ताईने विचारलं, “त्यांनी फोन का नाही केला?”

“तेव्हा फोन नव्हते.”

“चौघांत एकाकडेही नाही?”

कादंबरी तिथेच मिटली. मग एक जुना सिनेमा लावला. बारक्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं, “याचा रंग उडालाय का?” शेवट यायच्या आत दोन्ही मुलं झोपली आणि बाबा एकटे रडले. मग आला खेळ. बाटल्यांची झाकणं एकावर एक रचायची आणि लांबून चेंडू मारून पाडायची. पार्किंगमध्ये बाबांनी बाह्या सरसावून असा काही नेम धरला की झाकणं जागच्या जागी राहिली आणि चेंडू सेक्रेटरींच्या स्कूटरच्या आरशाला लागला. या सेक्रेटरींना आत्ताच नीट बघून ठेवा, ते पुढे बरेच भेटणार आहेत. बिल्डिंगचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात, आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली जानव्यासारखी अंगावर बाळगतात. त्यांनी आरशाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मुलांना जरा धाक ठेवा.” चेंडू कुणी मारला हे बाबांनी सांगितलं नाही. मुलांनीही नाही, हा त्यांचा मोठेपणा.

वर येताना ताई म्हणाली, “बाबा, तुमचं बालपण क्यूट होतं.”

बोअर म्हटलं असतं तर बाबांनी सोसलं असतं. बोअर म्हणजे निदान सामना झाला. क्यूट म्हणजे गालगुच्चा घेऊन घरी पाठवणं. बाबांना ते फार लागलं. त्यांना काही मोठं नको होतं हो. आपल्या लहानपणातली एखादी तरी वस्तू मुलांनी आपण न सांगता उचलावी, आपली म्हणावी, एवढंच. ऑफिसात शंभर माणसं त्यांचं ऐकतात, आणि घरात दोघं ऐकत नाहीत म्हणून माणूस झुरतो, हे बायकोला पटण्यासारखं नव्हतं. तिने सांगितलं, “त्यापेक्षा बारक्याचं गणित घ्या.”

पण बाबांकडे हुकमाचा एक्का अजून शिल्लक होता. गाणं!

हे गाणं त्यांच्या लहानपणी रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात लागायचं. एका बोक्याची आगबोट असते, आणि तो बोका कप्तान असतो. आता त्या काळी गाणं आपल्याजवळ ठेवायचं तर एकच उपाय होता. टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि सगळ्या घराने श्वास रोखायचा. भांडी नाहीत, शिंक नाही, दारावरची बेल तर नाहीच नाही. बाबा आणि त्यांची थोरली बहीण दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यासारखे उभे. गाणं रंगात आलं, बोक्याची ओळ आली,

‘बोका म्हणाला, ऐका हो ऐका’

आणि अंगणातून वडिलांचा आवाज कडाडला, “टाकी भरली! मोटार बंद करा रे!”

आणि लगेच पुढची ओळ, ‘दुधाच्या बेटाला जाऊ या एका!’

ते गाणं पुन्हा लागेपर्यंत कॅसेट तीच राहिली, आणि नंतर पुन्हा लागलं तेव्हा दोघांनीही नवं रेकॉर्ड केलं नाही. कारण तोवर गाणं तसंच पाठ झालं होतं, टाकीसकट. शाळेच्या स्पर्धेत बाबांनी ते टाकीसकट म्हटलं आणि परीक्षक बाई उठून नळ बघायला गेल्या. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तर असं ते गाणं.

एका संध्याकाळी बाबांनी ते मोबाईलवर शोधून काढलं. मुलांना सोफ्यावर बसवलं, खिडकी उघडली, आवाज मोठा केला. मुलं ऐकत होती. बारक्याचा पाय किंचित हलतही होता. बाबांचे डोळे त्या पायावर. ‘बोका म्हणाला, ऐका हो ऐका’, आणि मग नुसतं वाद्यांचं टिंग-टिंग-टिंग-टिंग. रिकामं! जेवायला बसावं आणि पानात भातच नसावा, तसं बाबांना झालं. त्यांना राहवलं नाही. ते ताडकन उठले आणि छाती फाडून ओरडले, “टाकी भरली! मोटार बंद करा रे!”

मुलं दचकली, आणि मग सोफ्यावर लोळून हसली. बाबांना धन्य वाटलं. पण खाली तळमजल्यावर सेक्रेटरींनी नुकतीच मोटार लावली होती आणि ते अंघोळीला गेले होते. बिल्डिंगच्या मोटारीबद्दल वरून हाक आली आणि सेक्रेटरींनी ऐकली नाही, असं आजवर झालेलं नाही. ते टॉवेल गुंडाळून धावत गेले, मोटार बंद केली आणि समाधानाने पुन्हा साबण लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी बिल्डिंग कोरडी ठक्क.

पहिले आले वरचे काका. हे चौथ्या मजल्यावर राहतात, निवृत्त आहेत, आणि सल्ला देण्याचं काम पूर्ण वेळ करतात. ते अर्धी दाढी करून, उरलेल्या अर्ध्या तोंडाला फेस असताना आले. पाठोपाठ सेक्रेटरी.

“तुमच्याच घरातून हाक आली,” सेक्रेटरी म्हणाले. “मी स्वतः ऐकली.”

“ती हाक नव्हती. ते गाणं होतं.”

“गाणं? गाण्यात मोटार?”

“म्हणजे मूळ गाण्यात नाहीये. आमच्या गाण्यात आहे.”

“तुमचं वेगळं गाणं आहे?”

“गाणं तेच हो. पण आमच्या वडिलांनी...” बाबा थांबले. हे वाक्य कुठल्याही बाजूने पुरं केलं तरी शोभणार नव्हतं. वरच्या काकांनी फेसाआडून सहानुभूतीने मान हलवली, आणि म्हणाले, “ऑफिसात त्रास आहे का काही? रजा घ्या थोडे दिवस.”

ही अब्रू कमी गेली म्हणून की काय, संध्याकाळी ताईने उलटतपासणी काढली. “आजोबा, तुम्ही खरंच असं ओरडला होता?”

आजोबांनी बशी खाली ठेवली. आवाज न करता. “मी? बाळ, मी जन्मात कधी ओरडलो नाही.”

“अण्णा!” बाबा किंचाळले. ते आजोबांना अण्णा म्हणतात. “अहो, तुमच्या आवाजाने गल्लीतली कुत्री घरी जायची!”

“बघ,” आजोबा ताईला हळूच म्हणाले, “ओरडण्याची सवय कुणाला आहे ते.”

नातवंडांसमोर म्हातारी माणसं काय साळसूद होतात! बाबांनी लगेच बहिणीला फोन लावला. आत्याने साक्ष दिली, पण दिली ती भलतीच. तिच्या मते अण्णा ‘मोटार बंद करा रे’ असं म्हणालेच नव्हते, ‘मोटार कोण बंद करणार?’ असं म्हणाले होते. त्यावर दोघा भावंडांचं इतकं जुंपलं की शेवटी आत्याने “तुला लहानपणापासून काही नीट ऐकू येत नाही,” म्हणून फोन ठेवला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ताई समजुतीच्या सुरात म्हणाली, “असू दे बाबा. तुम्ही बनवलं असलं तरी मस्त बनवलंय.”

बनवलंय! म्हणजे बालपणही गेलं आणि वर खोटारडेपणा चिकटला. आता पुरावा पाहिजे होता, आणि पुरावा माळ्यावर होता. स्टुलावर उभं राहून, बायकोने खालून “पडाल हं” असं म्हणत स्टूल न धरता, बाबांनी पेटी उतरवली. कॅसेट सापडली. तिच्यावर पांढरी बुरशी चढली होती. वरचे काका न बोलावता हजर झाले. त्यांनी कॅसेट उन्हाकडे धरून पाहिली आणि ठामपणे सांगितलं, “फ्रीजमध्ये ठेवा. थंडीने फीत आवळते.” कशी आवळते, का आवळते, हे विचारायची सोय नसते. काका सल्ला देतात, खुलासा देत नाहीत. बाबांनी ती डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली. बायकोने रात्रीची उरलेली भाजी समजून डबा उघडला आणि मग जे बोलली ते इथे सांगत नाही.

टेपरेकॉर्डर मिळवायला बाबा रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. हा गृहस्थ दुकानात बसून मोबाईलला काचा चिकटवायचा. टेपरेकॉर्डर म्हटल्यावर त्याने बाबांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांनी बैलगाडीचं चाक मागितलं. मग मागच्या खोलीतून त्याने एक यंत्र काढलं, त्यावर फुंकर मारली आणि दोघेही बराच वेळ खोकले. “चालतो,” तो म्हणाला, “पण मनाचा राजा आहे.”

यंत्र घरी आलं. सगळे जमले. आजोबा सुद्धा, पण जरा लांब, आपला काही संबंध नसल्यासारखे. बाबांनी बटण दाबलं. बोक्याचं गाणं सुरू झालं, पण ते पोट बिघडलेल्या रेड्याने म्हणावं तसं. तरी गाणं होतं. सूर ओळखू येत होता. बाबांनी हात वर केला, “आता ऐका. आता.” ‘बोओओका म्हणाआआला, ऐऐऐका होओओ’ आणि खर्र, खुर्र, फट्! यंत्राने फीत गिळली. ओढून काढली तर तुटलेली, चुरगळलेली, आणि तुटली ती बरोबर त्याच जागी. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि फितीचं एक टोक पंख्यावर जाऊन बसलं.

“अरेरे,” आजोबा म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं म्हणाल? सुटका.

आता दुसरा कुणी असता तर त्याने बारक्याचं गणित घेतलं असतं. बाबा मात्र हट्टाला पेटले होते. त्याच पेटीत तळाशी त्यांचा जुना माउथ ऑर्गन होता. त्यांनी तो पुसला, तोंडाला लावला आणि बोक्याची आगबोट वाजवायला घेतली. जमत होतं! बोटांना नाही, पण ओठांना अजून आठवत होतं. फक्त एक भोक कायमचं मुकं झालं होतं. तो सूर आला की नुसतं ‘फुस्’ व्हायचं. आणि गाण्यात नेमका तोच सूर जवळजवळ दर ओळीच्या शेवटी.

‘आगबोट सुटली, आगबोट सुटली, बोका कप्ताफुस्!’

बारक्या आतून पळत आला. “परत वाजवा!” बाबांनी परत वाजवलं. बारक्याने स्वयंपाकघरातून दोन डबे आणले आणि बडवायला लागला. ताई दारात हात बांधून उभी होती. ती कीबोर्डच्या क्लासला जाते. थोड्या वेळाने म्हणाली, “चुकीच्या पट्टीत वाजवताय,” आणि कीबोर्ड घेऊन आली. बाबांनी मुलांकडे पाहिलं नाही. पाखरू हातावर बसलं की हलू नये, एवढी अक्कल त्यांना होती.

चार-पाच संध्याकाळी तालीम झाली. ओरडण्याचा मान बारक्याने मागून घेतला. त्याचा आवाज बारीक पण भेदक. पहिल्या दिवशी तो ओरडला आणि सेक्रेटरींनी मोटार बंद केली. दुसऱ्या दिवशी तो ओरडला, सेक्रेटरींना शंका आली, म्हणून ते आधी गच्चीवर जाऊन टाकी बघून आले आणि मग मोटार चालू ठेवली. गच्चीपर्यंत पाच जिने होते, आणि सेक्रेटरींचे गुडघे त्यांचे स्वतःचे होते. तिसऱ्या दिवशी बाबांच्या दारावर नोटीस लागली.

‘सभासदाच्या घरातून मोटारीविषयी खोट्या सूचना प्रसारित होत आहेत.’

बाबा नोटीस घेऊन खाली गेले. “सूचना नाही हो, कडवं आहे ते.”

“कडव्यात सूचना आहे ना?”

“बोका आगबोटीने बेटावर जातो असंही आहे. म्हणून तुम्ही सामान बांधलंत का?”

हे बोलायला नको होतं. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला आणि घातला. “गाणं असेल तर परवानगी लागेल. वाद्य वाजवण्याची. अर्ज करा. सूचना असेल तर ती देण्याचा अधिकार फक्त माझा आहे. आता तुम्हीच ठरवा, हे काय आहे.”

बाबांनी अर्ज केला. अर्ज परत आला, कारण त्यात वाद्यांच्या यादीत डबे नव्हते. डबे घातले. पुन्हा परत आला, कारण डबे वाद्य आहेत की भांडी यावर कमिटीत मतभेद झाले. वरच्या काकांनी सल्ला दिला की ‘तालवाद्य, धातूचं’ असं लिहा. शेवटी कमिटीने निकाल दिला. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सर्वांसमोर गाणं वाजवून दाखवावं, आक्षेपार्ह ओरड वगळून. सभासदांना आवडलं तर परवानगी. नाही आवडलं तर वाद्यं बंद. आणि अटीचा भंग झाला तर तत्काळ बंद.

“ओरड वगळून?” बारक्याने विचारलं. “मग त्यात काय मजा?”

ताईने डोकं खाजवलं. “तेवढी जागा रिकामी ठेवू. चार ठोके गप्प बसायचं. आपल्याला कळेल.” मग तिने जे म्हटलं ते बाबांनी मनात जपून ठेवलंय. ती म्हणाली, “बाबा, पण हे आपलं गाणं आहे. आपण हरायचं नाही.”

आपलं! तुमचं नाही, क्यूट नाही, आपलं. आणि आता तेच जाण्याची वेळ आली होती. रविवारी दुपारी बाबांना जेवण गेलं नाही. विम्याच्या कचेरीत त्यांनी मोठमोठे दावे हसत-हसत फेटाळलेत, पण पार्किंगमध्ये माउथ ऑर्गन वाजवायचा म्हणून त्यांनी तो चार वेळा पुसला. बायको सकाळपासून “मी काही येणार नाही, मला लाज वाटते,” म्हणत होती. ती सगळ्यात आधी खाली जाऊन पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसली.

झाडून सगळी बिल्डिंग जमली. वरचे काका माउथ ऑर्गन आधी कोमट पाण्यात बुडवावा की नाही यावर शेजाऱ्यांना सांगत होते. आजोबांची खुर्ची कडेला, भिंतीजवळ होती, तिथे त्यांना वारा लागतो म्हणून; तिथून गच्चीवरची टाकीही दिसते. सेक्रेटरी समोर मधोमध, मांडीवर अटींचा कागद, हातात पेन. एकही अट नजरेतून सुटू नये म्हणून ते इतके दक्ष होते की येण्यापूर्वी आपण मोटार लावली आहे, ही गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून साफ सुटली होती. मागे त्यांची स्कूटर उभी होती, नवा आरसा लावलेली, आणि सीटवर हेल्मेट पालथं नाही, उताणं ठेवलेलं.

ताईने मोबाईल कीबोर्डला टेकवून रेकॉर्डिंग सुरू केलं. एक, दोन, तीन.

आगबोट सुटली. बाबांनी दम भरला. पहिलं ‘फुस्’ झालं तेव्हा मागून कुणीतरी खिदळलं. बाबांचे कान तापले. दुसऱ्या ‘फुस्’ला पहिल्या मजल्यावरच्या बाई पदर तोंडाला लावून हलायला लागल्या. पण बारक्याचे डबे ताडताड पुढे चालले होते, ताई मानेने ठेका धरून होती, आणि तिसऱ्या ओळीपासून लोकांचे पाय हलायला लागले. चक्क सेक्रेटरींचं पेनसुद्धा कागदावर टकटक करत होतं. बाबांना वाटलं, जमतंय. अरे, जमतंय की!

‘बोका म्हणाला, ऐका हो ऐका’

तिघे थांबले. ठरल्याप्रमाणे. एक ठोका. शांतता. बारक्याने ओठ घट्ट मिटले होते, गाल फुगले होते. आत ओरड अडकलेली दिसत होती बिचाऱ्याच्या. सेक्रेटरी पेन रोखून त्याच्याकडे बघत होते.

आणि भिंतीजवळून असा काही आवाज फुटला, की वरच्या काकांची काठी हातातून पडली.

“टाकी भरली! मोटार बंद करा रे!”

आजोबा! खुर्चीतून अर्धे उठलेले, हात वर, मान ताठ. तोच आवाज. अंगणातला, कॅसेटमधला, गल्लीतली कुत्री घरी पाठवणारा. इतक्या वर्षांनी, त्याच जागी, त्याच ठोक्यावर! आणि नीट ऐका, ‘बंद करा रे’ म्हणाले. ‘कोण बंद करणार’ नाही. आत्या हरली.

ताई मात्र जातिवंत कलाकार. ती थांबली नाही. तिने पुढची ओळ उचलली, बारक्याने डबे उचलले, बाबांनी ‘दुधाच्या बेटाला जाऊ या एफुस्’ केलं, आणि सगळ्या पार्किंगने टाळ्यांचा कडकडाट केला.

“अटीचा भंग!” सेक्रेटरी उभे राहिले. “कार्यक्रम बंद! मी लिहून घेतो...”

“अहो, खड्ड्यात गेली अट! खरंच भरली टाकी!” आजोबा पुन्हा गरजले.

“वा! वन्स मोअर!” लोक ओरडले. एक माणूस जागचा हलेल तर शपथ. एवढे दिवस ते ओरडणं खोटं असून सेक्रेटरी धावत होते, आणि ज्या दिवशी ते खरं होतं त्या दिवशी ते लोकांना फारच सुरेल वाटलं. आजोबा वर बोट दाखवत होते, तर चार-दोन मुलं त्यांच्यासारखंच वर बोट दाखवून नाचायला लागली. आणि मग गच्चीवरच्या टाकीच्या पाइपातून आलेली धार, चार मजले उतरून, थेट स्कूटरवरच्या हेल्मेटमध्ये पडली. हेल्मेट भरलं. भरून वाहिलं. सेक्रेटरींनी मागे वळून पाहिलं, किल्ली चाचपली आणि अटींचा कागद तिथेच टाकून पळत सुटले, “अरे खरंच की! थांबा! थांबा!” आणि तो कागद वाहत वाहत आगबोटीसारखा गटाराकडे निघून गेला.

परवानगी मिळाली. लेखी नाही, कारण लिहायचा कागद गेला. पण हेल्मेटमधलं पाणी ओतताना सेक्रेटरी एवढंच म्हणाले, “ते आजोबांचं मात्र ठेवा गाण्यात. उपयोगी आहे.”

घरी येताच नातवंडांनी आजोबांना घेरलं. “आजोबा! तुम्ही ओरडला!”

आजोबांनी बशी उचलली. “मी? कुणी सांगितलं?” ताईने मोबाईल पुढे केला. आजोबांनी शांतपणे तो सगळा आवाज ऐकला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “दुसरं कुणीतरी असेल.” मग बाबांकडे बघून त्यांनी एक डोळा बारीक केला. बाबांना एकदम अंगणात उभं असल्यासारखं वाटलं.

इथे गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. पण पुढच्या आठवड्यात बाबा कचेरीतून घरी आले, बूट काढायला दारात वाकले, तर आतून बारक्याचा आवाज येत होता. तो न्हाणीघरात होता, पाणी उडवत, एकटाच, जोरजोरात गात होता. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघत नव्हतं.

‘बोका म्हणाला, ऐका हो ऐका, टाकी भरली, मोटार बंद करा रे, दुधाच्या बेटाला जाऊ या एफुस्! अटीचा भंग! अरे खरंच की, थांबा, थांबा!’

स्वयंपाकघरातून ताई ओरडली, “चुकलास! ‘कप्ताफुस्’चा फुस् मोठा आहे, ‘एफुस्’चा बारीक. बाबांचं नीट ऐक ना!”

बारक्याने पुन्हा म्हटलं. या वेळी फुस् बारीक काढला, अगदी हुबेहूब, लाळेसकट.

बाबांच्या तोंडावर आलं होतं की अरे, ते गाण्यात नाही, माझा माउथ ऑर्गन मोडलाय. त्यांनी तोंड मिटलं. उद्या हा पोरगा मोठा होईल, त्याची मुलं असतील, आणि तो त्यांना सोफ्यावर बसवून सांगेल की खरं गाणं असं आहे, फुस्सकट. एका हातात बूट घेऊन बाबा दारातच बसले. वरचे काका जिना उतरत होते. ते थांबले, म्हणाले, “त्या मुक्या भोकाला खोबरेल तेल घाला. सुटेल.”

“नको,” बाबा म्हणाले. “ते तसंच राहू दे.”